शाळा कागदावर तंबाखूमुक्त, पोरांच्या खिशात खर्रा: नक्की काय केलं की फरक पडतो?

खडूफळा
पूर्व विदर्भातल्या एका हायस्कूलसाठी विचारतोय. पाचवी ते दहावीचे वर्ग, निम्मी मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येणारी. तंबाखूमुक्त शाळेचे नऊही निकष भरून झालेत. फाटकावर फलक आहे, समन्वयक शिक्षकाचं नाव नंबरासकट भिंतीवर आहे, शपथ झाली, घोषवाक्य स्पर्धा झाली, १०० यार्डांवर तंबाखूविक्री बंदीची पिवळी रेघ मारून झाली. ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाला शाळेला सुट्टी असते, म्हणून तोही जूनच्या शेवटी साजरा केला. फोटो अपलोड झाले, विषय संपला.

आणि सातवीपासून पुढच्या मुलांच्या कंपासपेटीत पुडी असतेच.

तीन प्रश्न आहेत. कोणत्या वर्गापासून आणि कशी सुरुवात करावी? खाताना सापडलेल्या मुलाचं नेमकं काय करावं? आणि रस्त्यापलीकडच्या पानठेल्याचं काय? 'जनजागृती करा' हे उत्तर कृपया नको. ती करून करून फ्लेक्सवाला जागृत झालाय.

टपरीबहाद्दर
पिवळी रेघ मारली म्हणजे ठेला १०१व्या यार्डावर सरकला असणार. आधी ते सांगा.

खडूफळा
सरकलासुद्धा नाही. रेघच त्याच्या अलीकडून वळवलीय.

घाटावरचा
खर्रा म्हणजे आमचा मावाच ना? की वेगळं काही? नगर-पुण्याकडे मावा म्हणतात.

वऱ्हाडी झणका
भाऊबंदच हायेत म्हणा. कातर सुपारी, सुगंधी तंबाखू अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घ्यायचं अन् घोट घोट घोटायचं, सुपारी ओलसर अन् मऊ होईस्तोवर. आधी हातानं घोटत, आता ठेल्या-ठेल्यावर मशीन आली. घोटलेला खर्रा त्याच पन्नीत बांधून देतेत. एक पुडी चौघं दिवसभर पुरवतेत, म्हून पोराले एकट्याले पैसे लागतच नाही. मास्तर खिसे तपासतेत, अन् पुडी असते सायकलच्या सीटखाली.

दंतमंजन
घाटावरचा यांच्या प्रश्नाला जोडून जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक शाळा इथेच चुकतात. सगळे फलक 'तंबाखू'वर असतात आणि पोरं सुरुवात करतात सुपारीपासून. पाचवी-सहावीच्या मुलाला किराणा दुकानात गोड सुपारीची रंगीत पुडी मिळते, घरचेही हरकत घेत नाहीत. जिभेला सुपारीची सवय झाली की सुगंधी सुपारी, आणि त्यानंतर त्यात तंबाखू कधी आला ते त्याचं त्यालाच कळत नाही.

सुपारी एकटीसुद्धा निरुपद्रवी नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने (आयएआरसी) २००४ साली तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या थरात कोलॅजनचे तंतू साचत जातात, आणि ते विरघळवण्याची शरीराची प्रक्रिया मंदावते. गाल आतून चामड्यासारखा कडक होतो. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तोंड उघडणं कमी होत जातं आणि गेलेलं पूर्णपणे परत येत नाही. सुपारी बंद केली तर तिथे थांबण्याची शक्यता असते, एवढंच.

चुन्याचं काम वेगळं. चुना तोंडातला अल्कलीपणा वाढवतो, त्यामुळे निकोटीन गालातून झपाट्याने रक्तात शिरतं. म्हणजे चुना चवीसाठी नसतो, किक बसवण्यासाठी असतो. शिवाय एकाच कोपऱ्यात बार धरला की तिथली त्वचा भाजून पांढरी पडते.

शाळेत तपासणी सोपी आहे. बॅटरी, हातमोजे, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, प्लास्टिकची पट्टी. मुलाला जमेल तेवढं तोंड उघडायला सांगा आणि वरच्या-खालच्या समोरच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजा. नववी-दहावीच्या मुलाचं साधारण ४० मिमीच्या आसपास किंवा जास्त भरतं. ३५च्या खाली आलं की दंत महाविद्यालयात पाठवा. पट्टी नसेल तर त्याचीच तीन बोटं उभी आत जातात का ते बघा. सोबत एकच प्रश्न विचारा: तिखट खाल्लं की आग होते का? ठेचा खाऊन वाढलेलं पोर भाजीतल्या मिरचीने डोळ्यांत पाणी आणत असेल, तर पट्टीच्या आधी तेच लक्षण दिसतं. एक वर्ग तासाभरात होतो. आणि मोजताना गाल आतून पांढरट, संगमरवरासारखा दिसतोय का तेही बघून घ्या.

टपरीबहाद्दर
तीन बोटं आत्ताच घालून पाहिली. मीटिंग चालू होती. आता सगळे माझ्याकडे बघतायत.

जुना मास्तर
प्रतिसाद माहितीपूर्ण, पण शिस्तीचं कोणी बोलेना. सापडला की पालकांना बोलवा, प्रार्थनेच्या वेळी समोर उभा करा, दुसऱ्यांदा सापडला तर दाखला हातात द्या. दोन दाखले गेले की बाकीचे आपोआप सरळ होतात.

कलमबहाद्दर
मास्तर, दाखला देता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, आणि प्रार्थनेत उभं करणं त्यातच बसतं.

ठेल्याबद्दल आता मुद्द्याचं. २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा म्हणजे कोटपा. त्याच्या कलम ६मध्ये दोन भाग आहेत. (अ) १८ वर्षांखालच्या व्यक्तीला किंवा तिच्या हातून विक्री नाही. (ब) शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री नाही. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. नियमात स्पष्ट लिहिलंय की हे अंतर संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, त्रिज्येने मोजायचं. फाटकापासून नाही आणि रस्त्याने चालत तर मुळीच नाही. रेघ ठेल्याच्या अलीकडून वळते ती याच दोन चुकांमुळे. कुंपणाचा प्रत्येक कोपरा धरून हवेतलं सरळ अंतर घ्या. मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजायची सोय असते. तिथे आधी वर्तुळ काढा, मग ३० मीटरची टेप घेऊन जा, आणि मोजताना पंचनाम्यासारखा कागद करून ग्रामसेवक व पोलीस पाटलांची सही घ्या. ती सही नसेल तर पुढे सगळं 'तुमचं माप, आमचं माप' होतं.

कोटपाचा दंड २०० रुपयांपर्यंत. ठेलेवाला तो सकाळीच गल्ल्यातून बाजूला काढून ठेवेल. म्हणून दुसरी दोन हत्यारं वापरायची. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७: मुलाला दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणं किंवा देववणं. शिक्षा ७ वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि १ लाखापर्यंत दंड. कलम ७८: मुलाचा वापर दारू किंवा अंमली पदार्थ विकायला, नेण्या-आणण्याला करणं; यात तंबाखूचं नाव नाही. त्यालाही तीच शिक्षा.

आणि खर्रा, मावा, गुटखा, सुगंधी सुपारी, सुगंधी तंबाखू यांच्यावर राज्यात अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदीच आहे. २०१२पासून दरवर्षी आदेश नव्याने निघतो. म्हणजे खर्र्यासाठी तुम्हाला १०० यार्ड मोजायचीसुद्धा गरज नाही, तो १० किलोमीटरवरही बेकायदाच आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्तांकडे लेखी द्या, प्रत पोलीस ठाण्याला. पोचपावती घ्या.

वऱ्हाडी झणका
बंदी २०१२ची. अन् आमच्या इकडं त्याच्यानंतर मशीन आली. बंदीनं धंदा आधुनिक केला राजेहो.

कलमबहाद्दर
हे खरं आहे, नाकारत नाही. गुटख्याचंही तेच झालं. एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, दोन्ही शेजारी टांगलेल्या. गिऱ्हाईक तोंडात गुटखा तयार करतं.

आशावादी
गावपातळीवर काम असतं म्हणून लिहिते. (नावात 'आशा' आहे ती योजनेतलीच.) सगळे ठेल्यामागे लागलेत, पण मुलाच्या हातात पुडी पहिल्यांदा येते ती घरच्यांनी पाठवल्यामुळे. 'जा रे, आजोबांसाठी खर्रा घेऊन ये, उरलेल्याचं चॉकलेट घे.' मूल सहा-सात वर्षांचं असतं. ठेलेवाला त्याला ओळखतो, कोणता खर्रा लागतो तेही त्याला पाठ असतं. दोन-तीन वर्षांत ते मूल वाटेत चिमूटभर काढायला लागतं. कलमबहाद्दर यांनी सांगितलेलं कलम ६(अ) इथे थेट लागू होतं, कारण पुडी कोणासाठी याला अर्थ नाही, विकली मुलाच्या हातात.

त्यामुळे पालकसभेत कर्करोगाचे फोटो दाखवू नका, बाया तोंड फिरवतात आणि पुढच्या सभेला येत नाहीत. एकच मागणी ठेवा: 'पोराला आणायला पाठवायचं नाही. स्वतः खायचं तर स्वतः जा.' खाणं सोडा म्हटलं की भांडण होतं. हे मात्र बहुतेक घरं मान्य करतात, कारण त्यात त्यांचं काहीच जात नाही. मग हीच ओळ ग्रामसभेच्या ठरावात घ्या.

आणि मुली! शाळांच्या तपासणीत मुलीला कोणी विचारतच नाही. तिच्याकडे खर्रा नसतो, तिच्याकडे मशेरी असते, दात घासायची म्हणून. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून पूड केली की मशेरी. आई लावते, मुलगी लावते, मग दिवसातून चारदा दात 'घासले' जातात. पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, ही कारणं सांगितली जातात; त्यातली निम्मी लक्षणं मशेरी वेळेवर न मिळाल्याची असतात. विचारताना 'तंबाखू खातेस का' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येणार आणि ते खोटंही नसणार. 'दात कशाने घासतेस, दिवसातून किती वेळा' असं विचारा.

घाटावरचा
हा मशेरीचा मुद्दा आमच्याकडेही शंभर टक्के लागू. ताई, प्रतिसाद आवडला.

निवांत
खडूफळा सर, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

आधी काय करू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ विभागाने २०१३ साली प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानकं काढली, २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेबरोबर सुधारून पुन्हा काढली. जगभरचे अभ्यास चाळून त्यांनी नोंदवलंय की नुसती माहिती देणं, भीती घालणं, व्यसनातून सुटलेल्या माणसाला मंचावर आणून अनुभव सांगायला लावणं आणि पोलिसांकरवी वर्ग घेणं यांचा उपयोग होत नाही, कधी उलटाच परिणाम होतो. आपल्या शाळांत वर्षभराचा कार्यक्रम म्हणजे बरोबर हेच चार प्रकार. मंचावरचा माणूस सांगतो 'मी सगळं केलं आणि आज बघा कसा उभा आहे', आणि तेरा वर्षांच्या पोराला ऐकू येतं की सगळं करूनही माणूस ठणठणीत उभा राहतो.

उपयोग कशाचा होतो? साधारण १० ते १५ तासिका, आठवड्याला एक, आणि त्यात मुलांनी बोलायचं, करून बघायचं. सुरुवात सहावीपासून करा. आठवीत खूप उशीर होतो. त्यातल्या दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या.

एक, 'सगळेच खातात' हा समज. मुलं नेहमी खऱ्यापेक्षा जास्त आकडा धरतात. निनावी चिठ्ठी घ्या. दोन प्रश्न पुरेत: गेल्या ३० दिवसांत तू खर्रा, सुपारी, तंबाखू, मशेरी यांतलं काही घेतलंस का? तुझ्या वर्गातल्या दहापैकी किती जण घेत असतील? सगळ्यांना एकाच रंगाचं पेन द्या, चिठ्ठी बंद खोक्यात टाकायला लावा, वर्गशिक्षक वर्गात नको. पुढच्या आठवड्यात दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. बहुतेक वर्गांत अंदाज खऱ्याच्या बराच वर असतो, आणि तो फरक बघून न खाणाऱ्या मुलाची मान वर होते. फक्त एक सांभाळा: वर्गात खरंच निम्म्याच्या वर खात असतील तर आकडा फळ्यावर लिहू नका, उलटं होईल.

दोन, नकाराचा सराव. 'नाही म्हणा' हे सांगून जमत नाही, तोंडाला सवय लागते. जोड्या करा. एकाने आग्रह करायचा, अगदी खऱ्या शब्दांत: 'अबे घे ना, एवढ्याने काय होते', 'बाई आहे का तू'. दुसऱ्याने भाषण न देता निसटायचं. 'नको, तोंड आलंय', 'नको, चल उशीर होतो', विषय बदलणं, उठून जाणं. दोन मिनिटं, मग अदलाबदल. सुरुवातीला हसतात. हसू द्या.

आता सापडलेलं मूल. त्याच दिवशी, एकट्याला, दार अर्धं उघडं ठेवून बसवा. पहिला प्रश्न 'का खाल्लास' नको. त्याला उत्तरच नसतं. 'सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिली लागते?' हा विचारा. उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल तर सवय शरीरात उतरलीय, त्याला समुपदेशकाकडे न्यायचंच. दुपारच्या सुट्टीत मित्रांबरोबरच खात असेल तर काम मित्रांवर करायचंय, त्याच्यावर नाही.

सोडायला तयार झाला तर खरं काय होणार ते आधीच सांगा: चिडचिड, झोप नीट न येणं, अभ्यासात लक्ष न लागणं. सगळ्यात कठीण पहिले तीन दिवस, पुढे दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. तलफ येते ती तीन-पाच मिनिटांची लाट असते. तेवढ्यात पाणी प्यायचं, उठून जागा बदलायची, तोंडात बडीशेप, लवंग किंवा भाजके चणे टाकायचे. तारीख त्याला ठरवू द्या, परीक्षेच्या आठवड्यातली मात्र नको. आणि एका आठवड्याने, मग एका महिन्याने त्याला पुन्हा बोलवा. शाळा इथेच कमी पडते; पहिल्या दिवशी अख्खं स्टाफरूम गोळा होतं आणि महिन्याने कोणालाच आठवत नाही. परत खाल्लेलं आढळलं तर 'शब्द मोडलास' म्हणू नका, कुठल्या वेळी, कोणाबरोबर, एवढं विचारून तारीख पुन्हा ठरवा.

दंतमंजन
निवांत यांच्याशी पूर्ण सहमत, एकच भर. पर्याय म्हणून 'मीठी सुपारी' देणारे शिक्षक असतात. तीही सुपारीच. आवळा सुपारी फक्त नावाची, पण पाकिटावरचे घटक वाचून घ्या. काहींत खरी सुपारी मिसळलेली असते. आणि निकोटीनचा च्युइंगम मोठ्या माणसांना २ मिग्रॅचा चिठ्ठीशिवाय मिळतो म्हणून मुलांना आणून देऊ नका. १८ खालच्यांना डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय नाही.

जुना मास्तर
म्हणजे काहीच शिक्षा नाही? वर बडीशेप द्यायची?

निवांत
शिक्षा विकणाऱ्याला आहे की, सात वर्षांपर्यंत. वर कलम आलंय. मुलाला परिणाम जाणवावा हे बरोबर आहे; दुपारच्या सुट्टीत महिनाभर शाळेच्या आवाराबाहेर जायची परवानगी नाही, एवढं पुरतं. ते शिक्षा म्हणून चालतं आणि मित्रमंडळ तुटतं ते वेगळंच. शाळेतून घालवलेला मुलगा दिवसभर कुठे बसतो? ठेल्यावर.

सातासमुद्रापार
आइसलँडचं उदाहरण इथे येईल अशी वाट बघत होतो, कोणी दिलं नाही म्हणून देतो. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६पर्यंत ते ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ वरून ३ टक्क्यांवर. व्याख्यानं देऊन नाही. दरवर्षी शाळानिहाय सर्वेक्षण आणि निकाल लगेच त्या शाळेच्या पालकांच्या हातात. १३ ते १६ वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर फिरायचं नाही. आणि संध्याकाळच्या खेळ-संगीत वर्गांसाठी नगरपालिकेकडून पैसे.

वऱ्हाडी झणका
आमच्या इकडं संध्याकाळी एकच वर्ग भरते, तो ठेल्यावर. बाकी लाइट गेलेली असते.

आशावादी
हसण्यावारी नेऊ नका, मुद्दा तोच आहे. साडेपाचला शाळा सुटते आणि शेवटची एसटी सातला. दीड तास मुलं स्टँडवर. मैदानाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई साडेपाचला घरी. एक कबड्डीची रेघ आणि किल्ली घ्यायला एक माणूस, आइसलँडला जायची गरज नाही.

अधांतरी
पालक म्हणून विचारते. शहरात खर्रा नाही, पण बाकी सगळं आहे. ऑनलाइन लघवी तपासायची पट्टी मिळते. ती घरी आणून गुपचूप तपासणं योग्य आहे का?

निवांत
गुपचूप नको. कोटिनीन पट्टी दोन-चार दिवसांतलं निकोटीन दाखवते, बाकीच्या पट्ट्यांचा काळ वेगवेगळा आणि चुकीचा होकारही येतो. काही साध्या औषधांनीसुद्धा. पण खरी अडचण नंतरची. पट्टी होकारार्थी आली तर तुम्ही काय म्हणणार? 'मी तुझी लघवी चोरून तपासली'? पुढची दोन वर्षं तुम्हाला काही कळणार नाही. पैशांचा हिशेब, झोपेची वेळ, अचानक बदललेले मित्र, यांवर सरळ बोला.

गोळीबार
(औषधविक्रेता, नावावरून गैरसमज नको.) अधांतरी ताई, शहरात बघायचं ते तीन ठिकाणी. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या म्हणजे अल्प्राझोलम वगैरे, आणि वेदनाशामक ट्रॅमाडॉल. तिन्ही शेड्यूल एच-१मध्ये आहेत. दुकानदाराने डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवायची असतात. ट्रॅमाडॉल तर २०१८पासून अंमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखालीही आलंय. घरात आजीला यातलं काही चालू असेल तर पट्टी मोजून ठेवा, कुलुपात ठेवा, आणि उरलेल्या गोळ्या 'लागतील पुढे' म्हणून ड्रॉवरमध्ये साठवू नका. मुलांचं पहिलं मेडिकल दुकान म्हणजे आजीचा डबा.

आणि शाळेसाठी एक: सोल्युशन. पंक्चरचं, चिकटवायचं, व्हाइटनरचं थिनर. टोल्युइनसारखी द्रव्यं असतात, रुमालावर किंवा पन्नीत घेऊन हुंगतात. २०१९ साली केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल आला, त्यात हुंगायचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला जिथे मुलांचं प्रमाण (१.१७ टक्के) मोठ्यांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त आहे. शाळेत कार्यानुभवाला व्हाइटनर पेन किंवा टेप वापरा, बाटली नको.

हुंगताना सापडला तर एक गोष्ट लक्षात ठेवा, आणि ही शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना सांगा: ओरडू नका, मागे पळू नका, पकडापकडी नको. ही द्रव्यं हृदयाला अड्रेनलिनसाठी अतिसंवेदनशील करतात, आणि दचकून पळालेल्या मुलाचं हृदय ठोका चुकून तिथल्या तिथे थांबू शकतं. शांतपणे जवळ जा, हातातलं काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ला फोन.

जुना मास्तर
हे माहीत नव्हतं. हा प्रतिसाद स्टाफरूमच्या ग्रुपवर टाकतो.

घाटावरचा
अवांतर: ते 'आडवी बाटली' मतदान खर्र्याच्या ठेल्यासाठी घेता येतं का?

कलमबहाद्दर
नाही. ते परवाना असलेल्या दारूच्या दुकानासाठी. तिथे एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. खर्र्याला परवानाच नाही, मग बंद कशाला मतदानाने करायचा? अनुसूचित क्षेत्रातलं गाव असेल तर १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी किंवा नियंत्रण घालायचा अधिकार दिलाय, तो वापरा. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, आणि २०१६पासून 'मुक्तिपथ' अभियान दारूबरोबर तंबाखूवरही गावसंघटनांमार्फत काम करतं. तिथली पद्धत बघण्यासारखी आहे: गाव ठराव करतं, ठेलेवाल्याला आधी मुदतीची नोटीस, मग माल सगळ्यांसमोर नष्ट, आणि तक्रार शेवटी.

टपरीबहाद्दर
ठेलेवाल्याची बाजू कोणीच घेईना. त्यालाही पोट आहे. शाळेसमोर खर्रा बंद केला तर तो विकणार काय, सुविचार?

आशावादी
शाळेसमोर असल्यामुळे त्याला वही-पेन, पोहे, चहा विकता येतं. नफा खर्र्याइतका नसतो हे खरं. म्हणून बंद करायला सांगताना शाळेने काहीतरी द्यावं. पेन-वह्या, स्नेहसंमेलनाचा चहा त्याच्याकडूनच. आणि त्याला एक महिना द्या, साठलेला माल असतो.

खडूफळा
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सोमवारच्या शाळा व्यवस्थापन समितीत ठेवायला हे घेतोय, चुकलं तर सांगा.

रेघ पुन्हा कुंपणाच्या कोपऱ्यांपासून त्रिज्येने, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांच्या सहीने. ठेल्याला एक महिना आणि वह्या-पेनांची ऑर्डर; नाही ऐकलं तर अन्न व औषध प्रशासन आणि पोलीस ठाणे दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज. सहावी-सातवीला शनिवारी एक तासिका, बारा आठवडे, नकाराच्या सरावासकट. चिठ्ठी सर्वेक्षण आधी. पालकसभेत एकच मागणी, पोराला पाठवायचं नाही. मैदानाची किल्ली साडेपाच ते सात खेळाच्या शिक्षकांकडे, आठवड्यातून तीन दिवस तरी. पोलिसांचं व्याख्यान रद्द.

एक राहिलं. फरक पडतोय की नाही हे कशावरून कळणार? फोटोवरून तर नाहीच.

दंतमंजन
पन्नी मोजा. सोमवारी सकाळी मुतारीमागची भिंत, सायकल स्टँड आणि वर्गांच्या खिडक्यांखालचा पट्टा झाडून घ्या. शनिवारी शाळा सुटल्यावर त्याच तीन जागांवर पडलेल्या खर्र्याच्या पन्न्या आणि सुपारीच्या पुड्या वेगवेगळ्या मोजून वहीत लिहा. भिंतीवरच्या पिचकाऱ्याही, भिंतीला आधी चुना मारला तर नव्या लगेच दिसतात. महिन्यात सुपारीच्या पुड्या वाढल्या आणि खर्रा कमी झाला तर लहान वर्ग आत येतायत असं समजा. दोन्ही एकदम शून्यावर आलं तर हुरळू नका, शिपायाने झाडलं असेल. चिठ्ठी सर्वेक्षण सहा महिन्यांनी त्याच दोन प्रश्नांनी पुन्हा.

वऱ्हाडी झणका
अन् सायकलची सीट विसरू नका.

कलमबहाद्दर
ठराव लिहिताना ठेलेवाल्याचं नाव नको, 'शाळेच्या १०० यार्ड परिसरातील सर्व विक्रेते' असं लिहा. नाहीतर तो म्हणेल, माझ्यावरच डूख आहे. अर्जाला मोजणीचा कागद आणि नकाशाची छापील प्रत जोडा.

खडूफळा
नोंद केली. पट्टीने तोंड मोजायचं ते सातवीपासून की सगळ्यांचं?

दंतमंजन
सातवीपासून. सगळ्यांचं, मुलींसकट, हजेरीच्या क्रमाने, म्हणजे कोणाला वेगळं काढलं असं वाटणार नाही. आकडा मोठ्याने वाचायचा नाही. ज्यांचा कमी भरेल त्यांच्या पालकांना दाताच्या तपासणीसाठी म्हणून बोलवा आणि जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्राची चिठ्ठी त्याच वेळी हातात द्या. तिथे समुपदेशक असतो, पैसे लागत नाहीत. घरून फोन करायचा असेल तर तंबाखूसाठी १८००-११-२३५६, बाकी व्यसनांसाठी १४४४६.